भाताच्या ‘श्री’ पद्धतीचा हिशेब

शेतीची एखादी नवी पद्धत किफायतशीर आहे हे पटवण्यासाठी बहुतेक पुस्तिकांत एकच आकडा पुढे केला जातो, तो म्हणजे हेक्टरी उतारा. छोट्या शेतकऱ्याच्या बाबतीत हे माप किती अपुरे आहे, ते भाताच्या ‘श्री’ पद्धतीवरून पाहता येईल.

आंरी द लोलानिए या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी १९८० च्या दशकात मादागास्कर बेटावर ही पद्धत बसवली. आठ ते पंधरा दिवसांची रोपे, एका जागी एकच, सुमारे २५ सेंटिमीटर अंतरावर लावायची आणि पाणी तुंबवून न ठेवता जमीन नुसती ओलसर ठेवायची. बियाणे कमी लागते, विकतच्या खतावाचूनही भागते. तिचा ‘बिनखर्ची’ म्हणून गाजावाजा झाला यात नवल नाही.

परंतु पाणी तुंबलेले नसले की तण माजते आणि बेणणी वाढते. कोवळी रोपे जपून लावण्यातही दिवस जातात. हे श्रम घरचेच, म्हणून त्यांची किंमत शून्य! मादागास्करमधल्या गरीब घरात लावणीच्या सुमारास धान्य संपत आलेले असते. दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेले तर संध्याकाळी चूल पेटते; स्वतःच्या शेतात राबले तर फळ काही महिन्यांनी मिळते. क्रिस्टीन मोझर आणि ख्रिस्तोफर बॅरेट यांच्या २००३ च्या अभ्यासात पुष्कळांनी ही पद्धत सोडून दिल्याचे दिसले, त्यामागचे एक मोठे कारण हेच. अशांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे; त्यांचा हिशेब पुस्तिकेपेक्षा पक्का होता.

दुसरा घोटाळा तुलनेचा. नवी पद्धत आधी उचलतो तो बहुधा मेहनती आणि जाणकार शेतकरी. शेजाऱ्याशी त्याचे पीक ताडले, तर पद्धतीचा गुण कोणता आणि माणसाचा कोणता? बॅरेट व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा फरक वेगळा काढला. दिसणाऱ्या वाढीपैकी सुमारे निम्मी शेतकऱ्याच्या गुणांमुळे होती. तरीही पद्धतीच्या वाट्याला सरासरी ८४ टक्क्यांहून अधिक वाढ उरली. म्हणजे पद्धत खोटी नव्हे. मात्र उताऱ्यातील अनिश्चितताही वाढते, आणि सरासरीच्या आकड्यात ती दिसत नाही.

भातपट्ट्यातील शिक्षकांनी मुलांना घरच्या शेतीचा महिनावार हिशेब मांडायला सांगावा. एका रकान्यात रोख पैसा, दुसऱ्यात कामाचे दिवस. बेणणीला आई किती दिवस गेली, तेही विचारून लिहायला सांगावे.