पुराण मागणारा श्रोता

फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’विषयी लिहिताना समीक्षक बहुधा भाषेच्या गोडव्यापाशी थांबतात. आम्हांस आरंभीचा एक प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? धर्मतत्त्वे तर त्याला शिकविली जातच होती; उपाशी राहिली होती ती त्याची कल्पनाशक्ती. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या सुमारे ११,००० ओव्या हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

ग्रंथांवर मनाई हुकूम बजावता येतो, मनातील चित्रांचा कब्जा घेता येत नाही, हे आम्हां वकील मंडळींनी तरी ओळखावे. या इंग्रज जेझुइटालाही स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हाच शब्द घ्यावा लागला. कित्येकांस ही प्रचारकाची युक्ती वाटते. असेलही. परंतु तो शब्द कानी पडताच श्रोत्याच्या मनात जुने वैकुंठ उभे राहिले नसेल, असे कोण म्हणेल? काव्य या दृष्टीने आमचे मत असे, की जेथे पाद्री खंडनमंडनास बसतो तेथे ओवी अडखळते. कथा सांगू लागला, की ती पुराणिकाच्या मुखातल्यासारखी सहज चालते.