दहाच्या आतलं संगीत

गेल्या बारा महिन्यांत मी एकोणीस कार्यक्रमांना गेले. शास्त्रीय मैफली, एक मोठा म्युझिक फेस्टिवल, कॅफेतले आणि पबमधले छोटे गिग, दोन दिवाळी पहाट, एक तमाशा, एक जागरण-गोंधळ. फोनच्या कॅलेंडरमध्ये सगळ्याच्या नोंदी आहेत. वर्ष संपताना त्या समोर ठेवून 'सगळ्यात आवडलेले दहा' अशी यादी करायला बसले, पण ती बाजूलाच राहिली. कलाकार वेगळे, तिकिटं फुकटपासून काही हजारांपर्यंत, श्रोते तर एकमेकांचं तोंडही न बघणारे. तरी एकोणीसपैकी सोळा कार्यक्रम सकाळी सहा ते रात्री दहा या वेळातच सुरू होऊन संपले होते. उरलेल्या तीनपैकी दोन पबमध्ये झाले आणि एक घराच्या ओसरीवर.

तेव्हा कोण कसं गायलं हे या लेखात फारसं सापडणार नाही. घड्याळाने आपल्या गाण्याचं काय केलंय, एवढंच मला बघायचं आहे.

आधी नियम. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यात रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही. सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल अशा बंद जागांना यातून सूट आहे. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आपलं साधं बोलणंही साठच्या आसपास जातं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या नियमांना आणखी धार दिली. ज्या याचिकेवर तो निकाल आला, तिच्यात एका तेरा वर्षांच्या मुलीचा उल्लेख होता. तिच्यावर बलात्कार होत असताना शेजारच्या लाऊडस्पीकरच्या आवाजात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू गेल्या नव्हत्या.

हे वाचल्यावर 'नियम रद्द करा' असं मी म्हणणार नाही. माझ्या घराखाली दर गणपतीत डीजेची भिंत उभी राहते आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात. दहा वाजता कुणीतरी ते बंद करू शकतं याचा मला आधार वाटतो. पण एखादा नियम योग्य असला, तरी त्याची किंमत कुणी भरली हे विचारायला हरकत नसावी.

पहिली किंमत सवाई गंधर्व महोत्सवात दिसते. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा महोत्सव पुण्यात चालवला. पूर्वी तो रात्रभर चालायचा. आता दुपारी सुरू होतो आणि दहाला संपतो. कधी एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. आपल्या रागांना वेळा आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. मुलतानी दुपार उतरताना, मारवा सूर्य मावळताना, यमन दिवेलागणीनंतर, मध्यरात्रीकडे मालकंस, दरबारी, अडाणा, पहाटेआधी सोहनी, परज, ललत. दहा ते सहा ही रेघ या यादीवर ओढून बघा. आठ तासांचे राग उघड्या मंचावरून उठले.

यंदाच्या डिसेंबरात मी एका सत्रात मालकंस ऐकला, नऊ वाजून दहा मिनिटांनी. गायक तयारीचा होता. विलंबित सुरू झालं, षड्जावर आवाज छान बसला, मंद्रातला धैवत तर असा लागला की शेजारच्या काकांनी डोळे मिटले. साडेनऊला द्रुत. नऊ एक्कावन्नला तबलजींनी मनगटाकडे बघितलं. नऊ बावन्नला भैरवी. खरं तर भैरवी हा सकाळचा राग. मैफल रात्रभर चालून उजाडताना संपायची, म्हणून भैरवी शेवटी, असं जुने लोक सांगतात. आता रात्र सुरू होण्याआधीच आपण ती संपल्याची भैरवी गातो.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: रागांच्या वेळा हा संकेत आहे, मालकंस नऊला गायला म्हणून आकाश कोसळत नाही. मान्य. कर्नाटक संगीताच्या मैफलीत वेळेचा एवढा आग्रह धरत नाहीत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. शिवाय दुपारच्या सत्रांमुळे भीमपलासी, पटदीप, मधुवंती यांना हक्काची जागा मिळाली, तो फायदाही मोजायला हवा. संगीताला तांत्रिक कारणांनी आखूड व्हावं लागणं नवीन नाही. १९०२ मध्ये गौहर जान यांनी कोलकात्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला, आणि त्या तीन मिनिटांची एक वेगळीच कला तयार झाली.

माझी तक्रार आकाशाबद्दल नाही, ऐकणाऱ्याबद्दल आहे. रात्री अडीच वाजता, सहा तास बसून झाल्यावर, जे मन मालकंस ऐकतं ते नऊ वाजता पार्किंगचा विचार करणारं मन नसतं. तेव्हा शेवटची बस गेलेली असते, जायला कुठे नसतं. गायकालाही ते माहीत असतं, म्हणून तो पहिल्या वीस मिनिटांत काहीच सिद्ध करायला जात नाही. या वर्षी ऐकलेल्या बहुतेक ख्यालांमध्ये मला एकच घाई जाणवली. आलाप आटोपता, पाचव्या-सहाव्या मिनिटाला तार षड्ज, लगेच टाळी, मग ताना. गायकांना दोष देऊन उपयोग नाही. पन्नास मिनिटांत विलंबित, द्रुत आणि एक अभंग बसवायचा तर दुसरं काय होणार?

हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत लोलापालूझाला भेटला. भारतात तो २०२३ पासून होतो, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर. तिथलं बरंचसं संगीत, निदान इलेक्ट्रॉनिक तरी, जन्माने क्लबचं, म्हणजे अंधाराचं. ते दुपारी चारच्या उन्हात वाजतं. टेक्नोचा बीट छातीत धडकतोय आणि समोर डोक्यावर टोप्या, हातात लिंबू सरबत. मुंबईत हिवाळ्यात साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे लाइट्सचा खरा उपयोग होतो तो जेमतेम साडेतीन तास. तेवढ्यात सगळी मोठी नावं बसवायची. मग दोन स्टेजवर एकाच वेळी दोन आवडते बँड येतात आणि तुम्ही ॲपमध्ये बघत, एकाचं शेवटचं गाणं सोडून दुसऱ्याकडे धावता. मी एका संध्याकाळी दादर स्टेशनवर गाडी बदलल्यासारखे चार बँड बदलले. आवाज उत्तम, व्यवस्था चोख. पण एखाद्या बँडसोबत पुरेसा वेळ गेला, त्यांचं न आवडलेलं गाणंही ऐकून घेतलं आणि मग ते आवडायला लागलं, असं काही झालं नाही.

सवाईला आणि लोलापालूझाला निदान वेळापत्रक जुळवायला माणसं आहेत, पैसा आहे. तमाशाचं तसं नाही. चैत्रात जुन्नरकडच्या एका यात्रेत मामेभावासोबत तंबूतला तमाशा बघितला. नारायणगाव जवळच. यात्रांच्या हंगामात तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. तमाशाची बांधणी ठरलेली: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे त्यातलं नाटक, गोष्ट, विचार. तोच सगळ्यात लांब आणि तोच शेवटी, कारण पहाटेपर्यंत वेळ असायचा.

आम्ही बघितलेला खेळ पावणेआठला सुरू झाला. गणगवळण झाली, बतावणीला लोक पोट धरून हसले, मग हिंदी-मराठी गाण्यांवर नाच. वग लागला तेव्हा नऊ वीस झाले होते. राजाचा प्रधान कटात सामील आहे, एवढं आम्हाला कळलं. दहाला पाच कमी असताना मंडपाच्या तोंडाशी पोलीस दिसले, आणि सरदाराचं काम करणाऱ्याने पगडी काढून हात जोडले: "मंडळी, प्रधानाचं काय झालं ते पुढल्या वर्षी." सगळे हसले. मीही हसले. पण वर्षभर बघितलेल्यातलं हे एकच काम असं होतं, ज्याचा शेवट मला माहीत नाही. वेळ कमी पडला की फड नाच कापत नाही, तिकीट नाचावर असतं. कापला जातो तो वग. काही वर्षांनी वग पाठ असलेले नटच उरले नाहीत, तर 'तमाशाचा दर्जा घसरला' असं लिहायला आपण मोकळे.

आता त्या सूट दिलेल्या बंद जागांकडे वळू. मुंबईत पब रात्री दीडपर्यंत चालतात. मी गेलेल्या दोन गिगपैकी एक साडेबाराला संपला. मुलांनी शेवटची वीस मिनिटं सेटलिस्टबाहेरचं वाजवलं, आणि तोच भाग सगळ्यात चांगला झाला. तिथे भिंती होत्या, काचेचं दुहेरी दार होतं, आत जायला हजार रुपये होते. तमाशाच्या तंबूला कापडाची कनात असते. नियमाने आवाज मोजला, ते बरोबरच. पण त्यातून रात्र वाटली गेली ती भिंतींच्या हिशेबाने. ज्याच्याकडे पक्की भिंत आहे त्याची रात्र शाबूत राहिली. उघड्यावर मिळणारे पंधरा दिवस बहुतेक ज्यांची मिरवणूक मोठी त्यांच्याकडे गेले.

जुन्या रात्रींबद्दल हळवं व्हायच्या आधी मी माझ्या आत्याला विचारलं. ती रमणबागेतल्या सवाईला रात्र रात्र बसलेली आहे, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन. बायकांना ते जमायचं कसं? ती म्हणाली, "अगं, रात्री दोनला घरी येणं अवघड होतं. पहाटेपर्यंत बसणं सोपं. उजाडलं की पहिल्या बसने यायचं, वाटेत दूध घ्यायचं." या उत्तराने माझा हिशेब उलटा झाला. दहाला संपणारा कार्यक्रम मुलींसाठी सोयीचा, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात सवा दहाला हजारो माणसं एकदम रस्त्यावर येतात, रिक्षा मिळत नाही, कॅबचे दर दुप्पट दिसतात. रात्रीतून एकटीने प्रवास करावा लागणं ही अडचण आहे. रात्रभर पाचशे माणसांत बसून गाणं ऐकणं ही नव्हे. अर्थात आत्याला घरून परवानगी होती. तिच्या दोन मैत्रिणींना नव्हती, तेही तिनेच सांगितलं.

उरला ओसरीवरचा कार्यक्रम. पुरंदर तालुक्यात चुलतभावाच्या लग्नानंतर जागरण होतं. वाघ्या-मुरळी आले, अंगणात मांडव, दोन स्पीकर, एक माइक. साडेआठपासून दिमडी, तुणतुणं, घोळ, सगळं माइकमधून कर्कश आणि जोरात. मुरळी गाण्यापेक्षा ओरडतच होती. स्पीकर असला की तसंच गावं लागतं. दहाला घरातल्या कुणीतरी वायर काढली आणि सगळे ओसरीवर सरकले. दिवटीच्या उजेडात तीसेक माणसं उरली. मग तो वाघ्या जे गायला ते वेगळंच होतं. आवाज निम्मा झाला आणि त्यात अचानक शब्द ऐकू यायला लागले. खंडोबा-बाणाईच्या कथेत तो थांबायचा, म्हाताऱ्या बायकांकडे बघायचा, त्या पुढचं सांगायच्या, मग तो ते फिरवून गायचा. अडीच वाजता कोण गातंय आणि कोण ऐकतंय हे नीट सांगता आलं नसतं. पोरं मांडीवर झोपलेली, कुणी चहा फिरवतंय, आणि कथा आपल्या चालीने पुढे चाललेली. पहाटे लंगर तोडला तेव्हा घसे बसले होते, पण घाई कुणालाच नव्हती.

वर्षभरात ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं म्हणून मी हेच सांगेन. त्याला नियम आडवा आला नाही. उलट नियमानेच माइक काढला म्हणून ते ऐकू आलं. यातून मला दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. आपल्याला हवी आहे ती रात्र, लाऊडस्पीकर नव्हे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन्हींची गाठ इतकी घट्ट बसली, की एक गेल्यावर दुसरीही गेली असं आपण समजून बसलो.

आज आपल्या वयाचे बहुतेक लोक दरबारी ऐकतात तो रात्री एक वाजता, अंथरुणात, हेडफोन लावून, एकट्याने. मीही तशीच ऐकते. मिटलेल्या डोळ्यांचे शेजारचे काका तिथे नसतात, चुकून निसटलेली दाद नसते, आणि कंटाळा आला की अंगठा पुढे सरकतो. कंटाळ्याच्या पलीकडे जे गाणं सुरू होतं, ते आपल्याला भेटतच नाही.

म्हणून एक साधी मागणी. नियमाला हात लावायची गरज नाही. बंद सभागृहाला सूट आहेच. महानगरपालिकांची नाट्यगृहं मध्यरात्रीनंतर रिकामी असतात. वर्षातून चार रात्री त्यातलं एखादं दहा ते सहा उघडं ठेवा. माइक शक्य तितका कमी. दोनच गायक, एक वादक, आणि एका रात्री अख्खा वग. स्वच्छतागृहं चालू, बाहेर चहा, सकाळी सहाला बस. तिकीट कॉलेजातल्या मुलीला परवडेल एवढं. असे प्रयोग अधूनमधून होतात, पण ते ओळखीच्या लोकांत, आमंत्रणावर होतात. ते सगळ्यांसाठी आणि दर वर्षी ठरलेल्या तारखेला व्हायला हवेत.

तोपर्यंत दिवाळी पहाट आहे. ऑक्टोबरअखेर पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो आणि माइक सहाला सुरू करता येतो. मधल्या अर्ध्या तासात ललत बसतो. यंदा ज्या दोन ठिकाणी गेले, तिथे ही वेळ दीपप्रज्वलन आणि सत्कारात गेली. पुढच्या वर्षी आयोजकांना आधीच सांगून ठेवणार आहे: सत्कार सातला करा.