टाळी कुणासाठी वाजली?

सुभाष घईंचा ‘कर्मा’ (१९८६) उसनवारीवर उभा आहे. मोहिमेवर काढलेले कैदी ‘द डर्टी डझन’चे (१९६७), गुन्हेगारांकरवी सूड घेणारा अधिकारी ‘शोले’चा (१९७५). लांबण तर विचारूच नका. तरी दिलीपकुमारांचा जेलर अनुपम खेरच्या डॉ. डँगला थप्पड मारतो आणि आपण टाळ्या पिटतो. मजा येतेच की! पण मार खाणारा जेलरच्याच ताब्यातला कैदी आहे, हे त्या क्षणी आपण विसरतो. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधला (१९५७) जेलरही कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना बाहेर नेतो. तिथे ते शेती पिकवतात. इथे जेलरच्या सुडाचं हत्यार होतात. कांटच्या भाषेत, तिथे माणूस साध्य, इथे साधन. नक्कल आपण माफ करू. आपली टाळी मात्र तपासायला हवी.