अद्भुताला कान मिळाले, मालिका कुठे आहे?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात संध्याकाळी शहर बसची वाट पाहणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींकडे जरा निरखून पाहा. कानात इअरफोन बहुतेकांच्या असतात. गाणी ऐकणारे जास्त, हे खरंच. पण एखादीची नजर मध्येच कुठेतरी अडकते, चेहरा गंभीर होतो, बस येऊन थांबली तरी पाऊल उचलत नाही. गाण्याने असं होत नाही. तिथे गोष्ट चालू असते, आणि ती ऐन रंगात आलेली असते.

या चौकाजवळच पैठण गेट आहे. तिथून निघणारी वाट ज्या पैठणला जाते, त्या पैठणच्या सातवाहन दरबाराशी गुणाढ्याची आख्यायिका जोडलेली आहे. त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य रानात जाऊन बसला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. पशुपक्षी चरणं सोडून ऐकत राहिले, इतके की वाळून गेले. राजाला हे कळेपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते. वाचला तो एक लाखाचा भाग नरवाहनदत्ताचा. हा तरुण राजपुत्र पुढे आकाशगामी विद्याधरांचा सम्राट होतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला तो याच परंपरेतून. किशोरवयीन नायक, अद्भुत जग, लांबच लांब मालिका आणि ती मोठ्याने वाचणारा आवाज! आज ज्याला ‘यंग अ‍ॅडल्ट फँटसी’ म्हणतात, त्याचं सगळं सामान आपल्याच अंगणात पडलेलं होतं.

ते आपण अगदीच वाया घालवलं असंही नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने कितीतरी वाचकांची झोप उडवली. १९५२पासून ‘चांदोबा’ने विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ घरोघरी नेला, १९७१पासून ‘किशोर’ने मुलांना सकस वाचायला दिलं. नारायण धारपांनी ‘समर्थ’सारखा नायक उभा करून अतिमानुषाला मराठी घरात जागा दिली. पण बारा ते अठरा या वयासाठी मुद्दाम लिहिलेली, पुस्तकागणिक नायकाबरोबर मोठी होत जाणारी अद्भुतकथा? तिथे आपल्याला भाषांतराकडे वळावं लागतं. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने हॅरी पॉटर मराठीत आणला. पहिल्या भागाच्या नावात ‘परीस’ हा शब्द आला, तेव्हा परक्या किमयेला संतवाङ्मयातला ओळखीचा दगड सापडला. भाषांतर जमलं म्हणतात ते असं. पण उसन्या परिसाने आपल्या लोखंडाचं किती सोनं होणार?

आता माध्यमांकडे येऊ. नोव्हेंबर २०१७मध्ये ‘स्टोरीटेल’ ही ऑडिओबुकांची स्वीडिश कंपनी भारतात आली ती पहिल्यापासून मराठी घेऊन. धारपांच्या भयकथा कानात ऐकताना कळतं की हा लेखक मुळात ऐकवण्यासाठीच लिहीत होता. त्याचं वाक्य छोटं, थांबे नेमके, भीती हळूहळू चढणारी. वाचक घाई करून पुढचं पान चाळू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. अद्भुताला ही सक्ती मानवते.

दोष मात्र आवाजातच आहे. आपले बरेच अभिवाचक सगळ्या पात्रांना एकाच धुतल्या-पुसल्या प्रमाण मराठीत बोलायला लावतात. राक्षसही पुण्याचा आणि राजकन्याही पुण्याचीच. इंग्रजीत जिम डेल यांनी हॅरी पॉटरच्या एकाच भागात १३४ आवाज काढले आणि सातही भाग त्यांनीच वाचले. श्रोता वर्षानुवर्षं एका आवाजाबरोबर वाढतो, तेव्हा मालिका घरची होते. ज्या भाषेत कीर्तनकार एकटा उभा राहून देव, दानव आणि शेजारीण तिघांना बोलतं करतो, तिथे ही कसर राहावी याचं नवल वाटतं.

ई-रीडरची कथा वेगळी. २०१६च्या अखेरीस किंडलच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तकं आली. मालिकेच्या वाचकाला हे यंत्र फार सोयीचं. तिसऱ्या भागात भेटलेला म्हातारा पहिल्या भागात कुठे होता, हे शोध घेऊन क्षणात सापडतं. कानाने ऐकताना ते जमत नाही. पण रात्री डोळ्यांना सोसावी म्हणून अक्षरं मोठी करा आणि बघा. मराठी शब्द प्रत्यय लावत लावत लांब होतो. ‘जादूगारांच्यासाठीसुद्धा’सारखा एकच शब्द अर्धी ओळ खातो, तो मावला नाही तर खाली उडी मारतो आणि वरच्या ओळीत दात पडल्यासारखी फट राहते. त्यात शासनाने २००९मध्ये प्रमाण ठरवलेला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ कित्येक फॉन्टांत नसतोच. हिंदी वळणाची अक्षरं समोर येतात. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने फुकट खुले केले हे मोठंच काम, पण ती पानांची छायाचित्रं. सहा इंची पडद्यावर ती वाचायची म्हणजे भिंगच हवं.

तरी माझा निष्कर्ष यंत्राविरुद्ध नाही. फॉन्ट सुधारतील, अभिवाचकही घडतील. कमी आहे ती मूळ मराठी मालिकेची. प्रकाशक म्हणतात, मुलं मराठी वाचत नाहीत. मुलं म्हणतात, आमच्यासाठी आहेच काय? या भांडणात मी मुलांच्या बाजूने आहे.

सुरुवात उद्याही होऊ शकते. नाथमाधव १९२८मध्ये गेले, कॉपीराइटची साठ वर्षं केव्हाच उलटली. ‘वीरधवल’ चांगल्या आवाजात ध्वनिमुद्रित करायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि मराठवाड्यातल्या लिहित्या तरुणांना एक विनंती: नरवाहनदत्ताला हाती घ्या. सात भाग नकोत, तीन पुरेत. भाषा तुमच्या गावची असू द्या. प्रकाशकांनी मात्र एवढं करावं: पहिला भाग येईल तेव्हा छापील पुस्तक, ई-बुक आणि ऑडिओ एकाच दिवशी बाजारात आणावं.