हलत्या चित्रांचा अलंकार

अलंकार काव्याला शोभा देतो. पण अलंकारच काव्य होऊन बसला की रसाचा बळी जातो, ही तक्रार मराठी समीक्षेला नवी नाही. पंडित कवींच्या यमकांविषयी ती झाली, संगीत नाटकांतील लांबलेल्या तानांविषयी झाली. आज ती संकेतस्थळांविषयी करावयाची पाळी आली आहे. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या अमरावती-अकोल्याकडे शाळेचा प्रवेश, कापसाचे भाव आणि साहित्यसंमेलनाची पत्रिका ही सारी आता मोबाइलच्या पडद्यावर पाहिली जातात. मग त्या पडद्याचीही समीक्षा नको काय?

पान उघडावे तो कापसाचे बोंड फुटते, अक्षरे एकेक करून खाली उतरतात, बोट लावताच मेळघाटातला वाघ मान वळवितो. घटकाभर मौज वाटते. मग प्रवेशाची तारीख शोधू जावे, तर ती चित्रातच रंगविलेली! गूगलसारखे शोधयंत्र मुख्यतः मजकुरावर चालते. ते माणसासारखे बटणे दाबीत बसत नाही. बोट लावल्यावरच जो मजकूर पानावर येतो, तो त्याच्या हाती सहसा लागत नाही. साहजिकच शोधणाऱ्यालाही ते पान सापडत नाही.

ही झाली शोधाची गोष्ट. याहून मोठी गोष्ट माणसाची आहे. माझा एक जुना विद्यार्थी अकोल्यास असतो. त्याला दृष्टी नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एनव्हीडीए नावाची आज्ञावली तो वापरतो. ऑस्ट्रेलियातील एका दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये तिचे काम सुरू केले. ती फुकट मिळते. एका संस्थेचे नटवे पान त्याने उघडले, तर आज्ञावली ‘ग्राफिक, ग्राफिक’ एवढेच बोलली. त्याने मला फोनवर विचारले, “सर, इथं काही लिहेलच नाही काय?”

याच अमरावती जिल्ह्यात प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915) होऊन गेले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. त्यांना अक्षर ऐकता आले, म्हणूनच हे घडले.

मराठीने हा घाव पूर्वी सोसला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी पुष्कळ मराठी स्थळे आपापल्या फाँटांत मजकूर देत. आत इंग्रजी खुणा, वर मराठी मुखवटा! तो मजकूर शोधयंत्राला सापडेना आणि वाचनयंत्राला उमगेना. फ्लॅशचीही तीच कथा. 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबीने त्याचा आधार काढून घेतला आणि त्यात बांधलेली पाने मुकी झाली. दृष्टिहीन वाचक आणि शोधयंत्र हे दोघेही अक्षरांच्या आधाराने चालतात. म्हणून एकाची सोय केली की दुसऱ्याची बरीचशी आपोआप होते.

नुसत्या मजकुराकडे तरुण मुले फिरकणार नाहीत, असे स्थळे बांधणारे म्हणतात. त्यात तथ्य आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे का, हे मातीचे थर उलगडून दाखविणारे चित्र जसे पटवील, तसे माझे चार तास पटविणार नाहीत. तेथे हालचाल हाच आशय आहे. मात्र त्याच पानावर ती गोष्ट साध्या मजकुरातही असावी, चित्राला वर्णनाची ओळ असावी आणि बटणे कळफलकाने चालावीत. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल थांबविता यावी आणि काहीही सेकंदात तीनदाहून अधिक लखलखू नये, हे तर डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेचे संकेतच आहेत. अशा लखलखाटाने काहींना फेफरे येऊ शकते. ज्याने आपल्या यंत्रात हालचाल कमी ठेवली आहे, त्याची ती इच्छाही पाळता येते. शिवाय आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. तेव्हा ही मेहरबानी नव्हे.

दिवाळीत दारापुढे रांगोळी काढताना आपल्या आयाबहिणी उंबरठ्यापर्यंतची वाट मोकळी ठेवतात. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढे शिकावे.