पडद्यावरचा प्रायम

होमरच्या ‘इलियड’वरून स्फूर्ती घेतलेला ‘ट्रॉय’ हा चित्रपट २००४ साली आला. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन यांनी दहा वर्षांचे युद्ध थोड्या दिवसांत आटोपले, मेनेलाउसला हेक्टरच्या हातून मारले, आणि महाकाव्य जेथे हेक्टरच्या अंत्यविधीपाशी थांबते तेथून कथा लाकडी घोड्यापर्यंत ओढत नेली. यात मला फारसे वावगे वाटत नाही. चोवीस सर्गांचे काव्य पावणेतीन तासांच्या आत बसवायचे तर कात्री चालणारच.

देवदेवतांना दिलेली रजाही मान्य करता येईल. काव्यात हर्मिस हा देव वृद्ध राजा प्रायमला शत्रूच्या छावणीतून वाट दाखवतो. चित्रपटातला प्रायम म्हणतो की हा मुलूख माझा, येथल्या वाटा मला ठाऊक. उत्तर चोख आहे!

आक्षेप आहे तो एका संवादाला. चोविसाव्या सर्गात प्रायम पुत्राचे शव मागण्यासाठी अकिलीसकडे येतो, त्याचे गुडघे धरतो, आणि ज्या हातांनी आपले पुत्र मारले त्याच हातांचे चुंबन घेतो. ‘तुझ्या पित्याला आठव,’ अशी त्याची विनवणी असते. पेलिअस त्याच्याच वयाचा. पण मुलगा परतेल ही आशा तरी त्याला आहे. ती आशा खोटी आहे हे अकिलीस जाणतो. समोरच्या म्हाताऱ्यात त्याला उद्याचा पेलिअस दिसतो. दोघेही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा पित्यासाठी आणि पॅट्रोक्लससाठी.

चित्रपटातला प्रायम मात्र सांगतो की तुझा पिता अकाली गेला, मुलाचा अंत पाहायला उरला नाही हे त्याचे भाग्यच. पटकथेने पेलिअसला आधीच मारले आणि प्रसंगाचा कणाच मोडला. पीटर ओ’टूल यांचा थकलेला स्वर, त्यांचे ओलसर डोळे, सारे अप्रतिम. परंतु आता उरते ती योद्ध्याने योद्ध्याचा मान राखण्याची गोष्ट. म्हणूनच चित्रपटातला अकिलीस बाहेर जाऊन हेक्टरला भाऊ म्हणत त्याच्या शवावर अश्रू ढाळतो. होमरचा अकिलीस इतका सोपा नाही. शव पाहून पित्याचा संताप उसळेल, मग आपलाही हात आवरणार नाही, या धास्तीने तो दासींकरवी ते प्रायमच्या नजरेआड धुऊन घेतो, आणि मग स्वतःच्या हातांनी उचलून तिरडीवर ठेवतो.