झाडं मोजली, रान कुठं आहे?

मंडळी, हिंगोलीत बसून कोळशाच्या खाणीवर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. आपल्या पायाखाली काळा पाषाण, कोळसा नाही. पण आपली कयाधू पैनगंगेला मिळते आणि पैनगंगा पुढं वणीच्या कोळसापट्ट्यातून जाऊन वर्धेला. त्या पट्ट्यातल्या आणि चंद्रपूरच्या उघड्या खाणींच्या जागी 'हिरवळ परत आणली' असं सांगतात. ती हिरवळ आज आपण जरा तपासून बघू.

आधी काम कसं चालतं ते बघा. वरची माती काढून बाजूला ठेवतात. मग खडक-मुरूम उपसून त्याचे डोंगर रचतात. खाणीतले लोक त्याला 'ओबी' म्हणतात. पुढं ढिगाऱ्याला पायऱ्या पाडायच्या, वर माती पसरायची, रोपं लावायची. कागदावर हे नीट दिसतं. पण माती वर्षानुवर्षं ढीग करून ठेवली, की तिच्यातलं बी आणि सूक्ष्मजीव मरत जातात. आणि रोपं निवडताना सुबाभळीसारखी झटपट वाढणारी झाडं पुढं येतात. रोपांचा आकडा सांगणं सोपं. खाली गवत उगवलं का, चितळानं खायचं काय, उन्हाळ्यात पाणी कुठं, हे सांगणं अवघड.

यावर एक उत्तर हमखास येतं: "अहो, ढिगाऱ्यावर वाघ आलाय की!" खरं आहे. चंद्रपूरजवळ वेड्या बाभळीच्या दाटीत वाघ राहतात. पण ती दाटी म्हणजे लपायची जागा. पोट भरायला त्याला रानडुकरं आणि वस्तीतली गुरं-कुत्री शोधावी लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराचा जीव घेतला. त्याच आठवड्यात शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं एक मुलगा मारला. अर्धवट तयार केलेल्या रानाची किंमत अशी शेजारच्या वस्तीला मोजावी लागते. म्हणून वाघ दिसला एवढ्यावर कुणी शाबासकी घेऊ नये, असं आम्हाला वाटतं.

झाडं लावणं फुकट गेलं, असं आमचं म्हणणं नाही. धूळ कमी होते, ढिगाऱ्याची माती वाहून जायची थांबते. सावनेरला खाणीच्या जागेवर इको-पार्क झाला. फिरायला तो चांगलाच आहे. पण बाग वेगळी, रान वेगळं.

सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२० रोजी नेमकी हीच बाजू धरली. खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणायचं, ती चारा, झाडझाडोरा आणि प्राण्यांच्या उपयोगाची करायची, ही अट खाणपट्टा देतानाच घाला, असं केंद्राला सांगितलं. निकालात शब्द गवताचा आहे, हे लक्षात घ्या.

गवत म्हणजे काय, हे गायरान राखणाऱ्या आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुसळी, मारवेल, शेडा कुठं येतं, गुरं कधी सोडायची, हे त्याला ठाऊक असतं. तेव्हा खाणपट्ट्यातल्या जनसुनावणीत 'किती झाडं लावली?' एवढ्यावर थांबू नका. जुनी माती कुठं ठेवली? गवत कोणतं पेरलं? आणि वाघ-बिबट्याच्या वाटेत कुणाची घरं येतात? हे तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर कागदावर मागून घ्या.